कोबीवरचा आळ

डॉक्टर मिरेला आमच्या दवाखान्यात रुजू होऊन तीन आठवडे झाले होते. दुपारी पेशंट संपले, मी चहाचं पाणी ठेवलं, तर बाईंनी कार्डांचा खोका उचलून टेबलावर माझ्यासमोर आणून ठेवला.

"सिस्टर, चारशे बारा कार्डं आहेत. सगळी वाचली मी."

"फार काम केलंत," मी म्हटलं. आधीचे म्हातारे डॉक्टर स्वतःचं अक्षरसुद्धा वाचत नसत.

"दारू पिता का, असा एक रकाना आहे. चारशे बाराही कार्डांवर त्यात 'नाही' लिहिलंय." त्यांनी कपाटाचं दार उघडलं. खालच्या खणात राकियाच्या, म्हणजे आलुबुखारच्या दारूच्या, सतरा बाटल्या उभ्या होत्या, नव्या डॉक्टरीणबाईंना गावाने प्रेमाने आणून दिलेल्या. "गावात भट्टी आहे. एक परस असं नाही की जिथे आलुबुखारचं झाड नाही. मला बँडेज ठेवायला जागा उरली नाही. मग पितं कोण?"

"पाहुणे," मी म्हटलं.

बाई हसल्या नाहीत. प्लोवदिव शहरात वाढलेली पोर, वय तेहतीस, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा. पण नजर मात्र चष्म्यावरून बरोबर माझ्यावर. कारण ते चारशे बारा 'नाही' सगळे माझ्याच अक्षरात होते.

आता यात माझं काय चुकलं, असं मला तेव्हा खरोखर वाटत होतं. आमच्या स्लिवाक गावात 'पिणारा' म्हणजे गेंचो. तो पुलावर झोपायचा आणि बायकोच्या चपला विकायचा. गेंचो वारला तेव्हा गावातला शेवटचा पिणारा गेला, असं आम्ही सगळे मानतो. बाकीचे काय, जेवणाआधी भूक लागावी म्हणून एक पेला, सर्दी झाली तर एक, कुणी आलं तर एक, कुणी गेलं तर एक. त्याला कुणी पिणं म्हणत नाही. मी पेशंटला विचारायची तेसुद्धा कसं, तर "पीत नाही ना?" समोरच्याचं तोंड उघडायच्या आत माझं पेन 'ना' लिहून 'ही'वर पोचलेलं असायचं. एकतीस वर्षं नोकरी अशीच सुरळीत चालली होती.

दुसऱ्या दिवशी चिचो नायदेन आला, आणि सुरळीतपणा संपला.

चिचो म्हणजे चुलता. नायदेन सख्खा चुलता कुणाचाच नाही, पण अख्खं गाव त्याला चिचो म्हणतं, कारण गावची भट्टी त्याच्या हातात आहे. वय एकाहत्तर, मिशा तांब्याच्या रंगाच्या. सात वर्षांपूर्वी त्याच्या हृदयात धातूची झडप बसवली. शांत खोलीत जवळ बसलात तर टिकटिक ऐकू येते. झडपेवर गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवण्याची गोळी त्याला जन्मभराची. गोळी जास्त झाली तर रक्तस्राव, कमी झाली तर गुठळी सुटून मेंदूत. म्हणून रक्ताचा एक आकडा सारखा मोजायचा. तो अडीच ते साडेतीनच्या मध्ये राहायला हवा. मोजायचं काम माझं, गोळी ठरवायचं काम डॉक्टरांचं.

बरोबर त्याची बायको रुसाना होती, गावाची लेल्या, म्हणजे काकू. नवऱ्याला ती दवाखान्यात एकट्याला सोडत नाही, कारण तो तिथे शूरवीर होतो आणि काही दुखत नाही म्हणतो.

डॉक्टर मिरेलांनी त्याच्या सात वर्षांचे आकडे एका कागदावर मांडले होते. मी ते आकडे सुटे सुटे लिहिले होते, पण असे एका ओळीत कधी पाहिले नव्हते. वर्षभर सगळं ठीक. नोव्हेंबर आला की आकडा पाच, सहा. मग म्हातारे डॉक्टर गोळी कमी करायचे. डिसेंबर आला की आकडा धपकन दीडवर. दर वर्षी तसंच. आणि डिसेंबरच्या प्रत्येक नोंदीपुढे म्हाताऱ्या डॉक्टरांचा एकच शब्द: कोबी.

"कोबी काय?" बाईंनी विचारलं.

"अहो, आमचा खारवलेला कोबी," लेल्या रुसाना पुढे सरसावली. "पिंप उघडायचो आम्ही डिसेंबरात. डॉक्टर म्हणाले, हिरव्या पानाने रक्त घट्ट होतं, यांना कोबी वर्ज्य. पाच वर्षं मी पिंप भरलं नाही, डॉक्टर. पाच वर्षं घरात सार्मी नाही. ख्रिसमसला लोक कोबीच्या पानात भात गुंडाळतात आणि मी द्राक्षाच्या पानात गुंडाळते. जावा हसतात मला."

"आणि कोबी बंद करूनही आकडा पडतोच आहे."

"शेजारणीच्या पिंपाचा वास येतो ना," लेल्या म्हणाली. तिने यावर पुष्कळ विचार केला होता.

डॉक्टरांनी चिचोकडे पाहिलं. "चिचो, दारू पिता?"

"नाही."

"थोडीशी? सणाला?"

"ऑपरेशन झालं त्या दिवसापासून माझ्या टेबलावर माझा पेला नाही," चिचो म्हणाला, आणि छातीवर हात ठेवला. "नातीच्या लग्नात मी फळांच्या सरबताने पेला उंचावलाय. विचारा हिला."

"खरंय," लेल्या म्हणाली. "व्याही चिडले होते."

ते खरंच होतं. मी लग्नाला होते. माणूस खरं बोलत होता, त्याची बायको खरं बोलत होती, आणि मी कोपऱ्यात उभी राहून एकच बँडेज तिसऱ्यांदा गुंडाळत होते.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "गेल्या डिसेंबरात काय झालं ते मी वाचलंय. जेवताना हातातून चमचा पडला, अर्धा तास शब्द फुटेना. नशीब चांगलं, परत सुधारलात. चिचो, मला या डिसेंबरची भीती वाटते. नोव्हेंबरात काहीतरी होतंय आणि ते मला दिसत नाहीये. दिसत नसताना मी गोळी कमी-जास्त करायची म्हणजे डोळे मिटून गाडी हाकायची."

चिचोची झडप टिकटिकत राहिली.

जाताना तो माझ्या टेबलापाशी थांबला. "सिस्टर, तुमचा नंबर तेवीस तारखेला लावलाय. पिंप नीट झाकून ठेवा, माशा फार आहेत यंदा."

"बरं," मी म्हटलं.

तेवीस ऑक्टोबर म्हणजे माझी भट्टीची पाळी. म्हणजे मला माहीत होतं. मलाच काय, स्लिवाकमधल्या कुत्र्यांनाही माहीत होतं की ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत चिचो नायदेन भट्टीवर उभा असतो. प्रत्येकाच्या आंबवलेल्या आलुबुखारची धार सुरू झाली की पेला त्याच्या हातात द्यायचा. तो घोट घेतो, डोळे मिटतो, आणि सांगतो धार कुठे तोडायची. अलीकडची धार विषारी, पलीकडची पाणचट, मधली तेवढी राकिया. हे मोजायचं यंत्र मिळतं, पण यंत्रावर आमचा विश्वास नाही. चिचोच्या जिभेवर आहे.

मग मी तोंड का उघडलं नाही? पुष्कळ कारणं मी स्वतःला दिली. पेशंटची गोष्ट आपण का फोडायची, चाखणं म्हणजे काय पिणं नव्हे, वगैरे. खरं कारण एकच होतं आणि ते लाजिरवाणं होतं. सात वर्षं दर तेवीस तारखेच्या आसपास त्याच्या हातात माझ्या राकियाचा पेला मीच दिला होता, आणि त्याच आठवड्यात त्याच्या कार्डावर 'नाही' मीच लिहिलं होतं. हे दोन्ही हात माझेच आहेत हे मी कधी जुळवून पाहिलं नव्हतं. आता जुळलं, आणि बोलायची हिंमत होईना.

माणसाला हिंमत नसली की तो युक्ती शोधतो. डॉक्टरांच्या भाड्याच्या घरामागे आलुबुखारची तीन झाडं होती, आणि उन्हाळ्यात घर रिकामं होतं, फळ वेचायला कुणी नव्हतं. आमच्याकडे फळ जमिनीवर सडू देणं म्हणजे पाप. ऑगस्टातच मी आणि शेजाऱ्यांनी फळं वेचून पिंपात भरली होती, बाई यायच्या आधीच. ते पिंप परसात बुडबुडत होतं आणि बाईंना वाटत होतं की ते पावसाच्या पाण्याचं आहे.

"डॉक्टर, तुमची राकिया काढायला हवी," मी सांगितलं. "नाहीतर नुसता शिरका होईल. माझ्या पाळीत घुसवते तुम्हाला."

"मी पीत नाही, सिस्टर."

"गावात कुणीच पीत नाही. तरी काढतात."

तेवीस तारखेला रविवार होता, ऊन छान पडलं होतं. भट्टी ओढ्याच्या काठी, जुन्या गिरणीच्या भिंतीला लागून. तांब्याचे दोन हंडे, खाली लाकडाचा जाळ, राखेत बटाटे भाजत टाकलेले. बाकावर आठ-दहा जण पाळीची वाट पाहत बसले होते. त्यांत त्सांको होता. तो चिचोचा लहानपणचा मित्र, आणि गावातलं सगळ्यात फटकळ तोंड. डॉक्टर मिरेला आल्या तेव्हा सगळे उठून उभे राहिले आणि त्यांना सगळ्यात चांगला बटाटा दिला.

त्यांच्या पिंपातला माल हंड्यात होता. नळीच्या टोकातून धार बारीक सुरू झाली. मी पेला बाईंच्या हातात दिला.

"पहिला पेला भरायचा आणि भट्टीच्या मिस्त्रींना द्यायचा. ज्याचा माल त्याच्याच हाताने द्यायची पद्धत आहे," मी म्हटलं. माझा आवाज मला परका वाटला.

बाईंनी पेला धारेखाली धरला आणि हसत पुढे केला. "घ्या, चिचो."

चिचो नायदेन जागच्या जागी उभा राहिला. सगळ्यांना एकदम सगळं समजलं होतं, बाई सोडून. घेतला तर दवाखान्यात काय सांगितलं होतं? न घेतला तर भर भट्टीवर डॉक्टरांच्या राकियाचा अपमान. आमच्याकडे मिस्त्रीने पेला नाकारणं म्हणजे तुझा माल डुकराला घाल असं म्हणणं.

चिचोने पेला घेतला, नाकापाशी नेला आणि खाली आणला. "उत्तम आहे, डॉक्टर. वासावरूनच कळतं."

"आमची कधी वासावरून कळली नाही रे तुला," बाकावरून त्सांको म्हणाला.

चिचोने माझ्याकडे पाहिलं. मी बटाट्यांकडे पाहिलं. मग त्याने खांदे पाडले, घोट घेतला, डोळे मिटले. आणि डोळे मिटले की तो माणूस वेगळाच होतो. "अजून थांबायचं. पाव तास. मग धार धरायची. दोन झाडं जुनी आहेत तुमची, गोड. तिसरं सावलीत आहे, त्याची फळं लवकर पाडलीत कुणीतरी. आणि पिंप बिअरचं होतं पूर्वी, धुतलं नाही नीट."

पिंप मी धुतलं होतं. सगळं खरं होतं.

बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं, पण राग आला नाही. तिथे काहीतरी दुसरंच आलं, हरवलेली किल्ली समोरच दिसावी तसं. "चिचो, असं प्रत्येकाचं चाखता?"

"भट्टी पेटलेली असते तोवर."

"एका हंड्याला किती वेळा?"

"तीनदा. आधी, मध्ये आणि शेवटी."

"दिवसाला हंडे किती?"

"दोन्ही मिळून आठ." मग त्याला आपलं काय चाललंय ते समजलं, आणि तो दुखावला. "डॉक्टर, मी तुम्हाला खोटं सांगितलं नाही. पिणारा माणूस स्वतःसाठी पितो. मी लोकांसाठी चाखतो. हे काम आहे. सुतार लाकडाचा भुसा नाकात घेतो, म्हणून तो भुसा खातो असं म्हणाल का?"

बाकावर माना हलल्या. सगळ्यांना हे पटलं. मलाही सात वर्षं पटलेलंच होतं.

बाई वाद घालत बसल्या नाहीत. बॅगेतून खोकल्याच्या औषधाची बाटली काढली, तिचं मापाचं झाकण काढलं, आणि एका पेल्यात पाणी आणवलं. "चिचो, एक घोट घ्या, जसा राकियाचा घेता तसाच. पण गिळू नका, या झाकणात सोडा."

चिचोने घोट घेतला आणि झाकणात सोडला. झाकण काठोकाठ भरलं.

"पंधरा मिली," मी म्हटलं. सवयीने.

"चोवीस वेळा," बाई म्हणाल्या. "दिवसाला साडेतीनशे मिलीच्या वर. सहा आठवडे."

त्सांकोने शिट्टी मारली. "चिचो, गेंचो तुझ्यापुढे पोरगं होतं रे."

नेमकी त्याच वेळी लेल्या रुसाना नवऱ्याचं जेवण घेऊन भट्टीच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं. चाखणं तिलाही माहीत होतंच, पण त्याला तिनेही कधी पिणं म्हटलं नव्हतं. आता आकडा ऐकल्यावर तिने टोपली खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवले.

"म्हणजे कोबीने काही केलं नव्हतं," ती म्हणाली.

"कोबीने थोडंफार होतं," डॉक्टर म्हणाल्या. "पण हा कोबी नव्हे. नोव्हेंबरात दारूने आकडा चढतो. मग गोळी कमी केली जाते. भट्टी विझते, दारू थांबते, आणि गोळी कमीच राहते. म्हणून डिसेंबरात आकडा पडतो."

"पाच वर्षं," लेल्या म्हणाली. "माझ्या आईचं पिंप होतं ते. या माणसाच्या जिवासाठी मी ते देवळाला देऊन टाकलं, फुलझाडं लावायला. आणि तू इथे उभा राहून रोज पेले चढवत होतास? कोबीवर आळ येऊ दिलास?"

"मी काही बोललो होतो का कोबीबद्दल?" चिचो पुटपुटला.

"तेच तर. काहीच बोलला नाहीस."

चिचो लाकडाच्या ओंडक्यावर बसला. बसल्यावर तो एकदम एकाहत्तर वर्षांचा दिसला.

"खरं सांगू, डॉक्टर?" तो म्हणाला. "मला संशय होता. चमचा पडला तेव्हापासून होता. पण सांगितलं तर तुम्ही म्हणाल भट्टी सोड. मग मी खिडकीत बसायचं आणि दुसऱ्या कुणी पेटवलेल्या भट्टीच्या धुराकडे बघायचं. त्यापेक्षा कोबीवर जातंय तर जाऊ दे म्हटलं. म्हणा आता, सोड."

"म्हटलं तर सोडाल?"

चिचोने विचार केला. त्याने खरोखर विचार केला, हे मी पाहत होते. "नाही," तो म्हणाला.

"मग कशाला म्हणू?" बाई त्याच्यासमोर दुसऱ्या ओंडक्यावर बसल्या. "आज तुम्ही मला खरं सांगितलंत, ते मला वाया घालवायचं नाहीये. आजवर तुम्हाला गोळी मिळत होती ती खऱ्या चिचोला मिळत नव्हती. कार्डावरच्या चिचोला मिळत होती. तो पीत नाही, त्याची तब्येत ठणठणीत असेल. मला एवढंच सांगा, चव कळायला गिळायलाच लागतं का?"

बाकावर कुजबूज झाली. चिचो मान हलवत म्हणाला, "चव जिभेवरच कळते. गिळतो ते मानासाठी. थुंकायचं म्हणजे... डॉक्टर, माझ्या आजोबांनी एकदा इथे बसलेल्या मिलोच्या बापाची राकिया थुंकली होती. दोन घरं एकोणीस वर्षं बोलली नाहीत. लोकांच्या तोंडावर त्यांची राकिया कशी थुंकू?"

हा प्रश्न औषधाचा नव्हता, आमचा होता. शेजारच्या हंड्यातून धार सुरू झाली होती. तो हंडा माझा.

मी पेला घेतला, धारेखाली भरला आणि चिचोसमोर नेला.

"माझी थुंका," मी म्हटलं.

"सिस्टर..."

"सगळ्यांच्या देखत थुंका. सात वर्षं तुमच्या कार्डावर 'नाही' लिहिणारी मी आहे. आणि सात वर्षं याच जागी तुमच्या हातात पेला देणारीही मीच आहे. डॉक्टरांना पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. मला लाज वाटत होती. तेव्हा आज मान वगैरे कुणाला द्यायचाच असेल तर मला नको."

डॉक्टर माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, नाहीतर रडले असते, आणि भट्टीवर रडणारी बाई गावाला दहा वर्षं पुरते.

चिचो उठला. पेला घेतला, घोट घेतला, डोळे मिटले. राकिया तोंडात या गालातून त्या गालात फिरवली. मग वळून राखेच्या बादलीत पच्चकन थुंकला. राखेतून धूर निघाला.

"धरा धार," चिचो म्हणाला. "आत्ता, याच क्षणी. छान आहे. गेल्या वर्षीपेक्षा बरी."

"दोन्का सिस्टरची आधीपासून थुंकण्यासारखीच होती," त्सांको म्हणाला, आणि भट्टीवर असा हशा पिकला की ओढ्यापलीकडची बदकं उडाली. चिचोही हसला. लेल्या रुसाना हसली नाही, पण तिने टोपली उघडून ब्रेडचा पहिला तुकडा त्यालाच दिला, म्हणजे मिटलं.

त्यानंतर त्या हंगामात चिचोने अख्ख्या गावाची राकिया थुंकली. पहिले दोन दिवस लोक दुसरीकडे बघायचे. तिसऱ्या दिवशी पाद्रीबुवांची थुंकली, मग कुणाला काही वाटेनासं झालं. आठवड्याच्या शेवटी तर त्सांकोने तक्रार केली की आपली नीट जोरात थुंकली नाही. मी दर सोमवारी भट्टीवरच जाऊन चिचोचं बोट टोचायची. कधी जाणता-अजाणता एखादा घोट घशाखाली गेला तर तो स्वतःच सांगायचा, "सिस्टर, लिहा, काल तीन गेले. मिलोची फार चांगली होती." आणि मी लिहायची. नोव्हेंबरात आकडा सगळ्यात वर गेला तेव्हा साडेतीनच्या जरासा वर होता. बाईंनी गोळीला हात लावला नाही.

दवाखान्यात आता डॉक्टर 'पिता का' विचारत नाहीत. "कालचा दिवस सांगा, उठल्यापासून," असं म्हणतात आणि पेन खाली ठेवतात. गंमत म्हणजे लोक सांगतात. कॉफीबरोबरची सांगतात, गुडघ्याला चोळायला घेतली त्यातली उरलेली सांगतात, कोंबड्यांना घालायच्या आधी चव बघितली तीही सांगतात. एका आजींनी झोपेच्या गोळीवर रोज पेला घेत असल्याचं सांगितलं, तेव्हा बाईंचा हात तोंडावर गेला. चारशे बारा कार्डांपैकी खरी 'नाही' निघाली नऊ. त्यातली तीन तान्ही बाळं होती.

सहा डिसेंबरला, संत निकोलासच्या दिवशी, चिचो नायदेन आणि लेल्या रुसाना आले. लेल्याच्या हातात झाकलेलं पातेलं होतं. देवळातून तिने पिंप परत आणलं होतं. पाद्रीबुवांनी फुलझाडं काढून दिली होती, आणि कोबी उशिरा का होईना खारवला गेला होता.

"डॉक्टरांनी परवानगी दिली," ती मला म्हणाली, जणू मी अडवणार होते. "रोज सारखाच खायचा आणि किती खाल्ला ते सांगायचं. चोरून नाही."

मी चिचोचं बोट टोचलं. यंत्राने नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला, किंवा मला तसं वाटलं. लेल्याने पातेलं घट्ट धरलं होतं. मग आकडा आला.

"दोन पूर्णांक आठ," मी म्हटलं.

डिसेंबरात हा आकडा सात वर्षांत कधी आला नव्हता. लेल्या खाली बसली आणि पातेल्याच्या झाकणावरच रडली. चिचो तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला, "अगं, सार्मी खारट होतील." डॉक्टर मिरेला खिडकीकडे वळून चष्मा पुसत राहिल्या.

ते गेल्यावर आम्ही दोघींनी सार्मी खाल्ल्या. पाच वर्षांनी लेल्याच्या हातच्या सार्मी. मी चार खाल्ल्या, बाईंनी सहा. मग बाईंनी हात पुसले, कार्डांच्या खोक्यात हात घातला आणि एक कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं.

"हे एक राहिलंय, सिस्टर."

कार्डावर माझं नाव होतं. दोन्का स्ताम्बोलोवा, रक्तदाब, अकरा वर्षं, रोज दोन गोळ्या. दारूच्या रकान्यात दर वर्षाला एक, अशी अकरा 'नाही', माझ्याच सुबक अक्षरात.

"तुमचा दाब या अकरा वर्षांत कधीच नीट का बसला नाही, याचा मी विचार करत होते," बाई म्हणाल्या. "कालचा दिवस सांगा. उठल्यापासून."

"चहा गार होतोय तुमचा," मी म्हटलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. बाहेर चिचो आणि लेल्या एकमेकांशी भांडत रस्त्याने चालले होते, त्यांचा आवाज येत होता.

मी कपाट उघडलं, खोकल्याच्या औषधाचं झाकण काढलं आणि नळाखाली धरलं. एकदा भरून एका रिकाम्या पेल्यात ओतलं. मग दुसऱ्यांदा भरलं. मग तिसऱ्यांदा.